कुंभार गल्लीची लाइन

“आता नेट आहे हो, आता आहेच!” शिडीखालून डाकवे ओरडले. “आता काय, रात्रभर असंल. दुपारी जातंय, त्याचं बोला वहिनी!”

मी शिडीच्या वरच्या टोकाला, कुंभार गल्लीच्या कोपऱ्यावरच्या आमच्या पेटीत तोंड घालून उभी होते. हातात पॉवर मीटर. वायरीतून येणारा उजेड मोजायचं, खिशात मावेल एवढं यंत्र. त्यावर आकडा आला होता उणे अठरा. आमच्या धंद्यात आकडे उण्यातच चालतात. उणे अठरा म्हणजे तब्येत ठणठणीत. उणे अठ्ठावीसच्या पलीकडं गेलं की घरातल्या डब्याला उजेड दिसेनासा होतो आणि नेट बंद.

“उणे अठरा आहे, मामा,” मी खाली सांगितलं.

शिडी धरून माझे सासरे उभे होते. त्यांनी मान वर केली. “म्हणजे चांगलं का वाईट?”

“चांगलं.”

“ऐका,” मामा डाकव्यांना म्हणाले, “चांगलं हाय.”

“अहो, मी काय वेगळं सांगतोय?” डाकव्यांनी कपाळाला हात लावला. “बारा वाजले की पडद्यावर नुसतं चक्र फिरायला लागतंय. चारला परत चालू. पोलीस भरतीचे फॉर्म चाललेत. पोरं कुठनं कुठनं येतात, आणि चारच्या आत एसटी धरायला निघून जातात. गल्लीत सगळ्यांचं हेच. मी घट बसेपर्यंत वाट बघणार, ताटेमामा. नाहीतर सगळी गल्ली त्या नव्या कंपनीकडं. त्यांचा माणूस कालच येऊन पेनं वाटून गेलाय.”

आणि त्यांनी खिशातलं निळं पेन काढून दाखवलंसुद्धा.

डाकव्यांचं गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान होतं. माणूस वाईट नव्हता. पण चार दिवस रोज दुपारी गिऱ्हाईक परत पाठवायचं म्हटल्यावर कुणाचंही डोकं फिरेल. घट बसायला तीन दिवस राहिले होते.

आज या गोष्टीला सात वर्षं झाली. त्या वेळी बेलपेठेत ताटे केबल म्हटलं की लोकांना फक्त मामाच माहीत होते. एक डिश आणि तांब्याची काळी वायर एवढ्यावर त्यांनी धंदा उभा केला होता. तांब्याशी त्यांचं जमायचं. वायर दातानं सोलायची, पीळ द्यायचा, चिकटपट्टी मारायची, की घरात चित्र दिसायला लागायचं. पुढं लोकांना नेट पाहिजे झालं आणि फायबर आलं. ठेकेदार वायर ओढून निघून गेला. मागं राहिली ती केसाएवढी काच. तुटली की कऱ्हाडहून माणूस यायचा, तोही त्याच्या सवडीनं. मामांचा एकुलता मुलगा, म्हणजे माझे मिस्टर, फौजेत. तेव्हा आसामात होते.

“सारिकाला पाठवा शिकायला,” असं एके दिवशी जेवता जेवता आत्ती म्हणाल्या. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई.

“बाईमाणूस खांबावर चढणार?” मामा म्हणाले.

“ती बारावी सायन्स हाय. या घरात दुसरं कोण हाय सायन्स?”

मिरजेला माझी मावशी होती, तिच्याकडं राहून मी तीन आठवड्यांचा फायबरचा कोर्स केला. वर्गात सगळे पुरुष आणि मी. शिकवायला अत्तार सर. काच सोलायची कशी, दोन टोकं वितळवून जोडायची कशी, बिघाड शोधायचा कसा, सगळं त्यांनी हातात हात धरून शिकवलं. मी परत आल्यावर आत्तींनीच मामांच्या मागं लागून जुनं का होईना, तपासायचं मशीन घ्यायला लावलं.

पहिल्या महिन्यात दोन बिघाड मी काढले. एकदा उसाच्या ट्रकनं वायर तोडली, एकदा उंदरानं. तुटलेलं शोधणं सोपं. मशीन सांगतं इतक्या मीटरवर तुटलंय, तिथं जायचं आणि जोडायचं. लोक कौतुकानं बघायचे. मामा तोंडानं काही बोलायचे नाहीत, पण शिडी धरायला यायला लागले होते.

कुंभार गल्लीत मात्र काही तुटलेलंच नव्हतं.

“डॉक्टरच्या दारात गेलं की दुखणं थांबतं, तसली गत हाय ही,” त्या संध्याकाळी जेवताना मामा म्हणाले. मग भाकरीचा तुकडा मोडला. “कुंभार गल्ली गेली तर मागनं बाजारपेठ जाणार. त्यापेक्षा मीच जाऊन त्या कंपनीला म्हणतो, बाबा, घे सगळंच. किल्ली देतो आणि गप बसतो.”

“आणि हिनं शिकलेलं?” आत्तींनी विचारलं.

मामा माझ्याकडं न बघता म्हणाले, “तिचं काय चुकलं म्हणतोय का मी? पर दिसत न्हाई ते दुरुस्त करायचं कसं?”

“दुपारी जातंय तर दुपारीच बघायला पाहिजे,” मी म्हणाले. “पण दुपारी दसरा काढायचाय.”

घट बसायच्या आधी आमच्याकडं घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन निघतं. दर वर्षी आत्ती आणि मी मिळून दोन दिवसांत उरकायचो.

“दसरा मी काढते,” आत्ती म्हणाल्या. “काढतेच हाय की थोडा थोडा कवाधरनं. तू शिडीवर असतीस, तुला दिसत न्हाई. तू तुझ्या लायनीकडं बघ.”

“सगळ्या गोधड्या? एकट्या?”

“मग काय गोधड्या मला खात्यात?”

दुसऱ्या दिवशी बाराच्या आधीच मी मीटर घेऊन कुंभार गल्लीत जाऊन उभी राहिले. सुरुवातीला उणे अठरा. मग वीस. मग एकदम उणे तीस. दुकानातून डाकव्यांची आरोळी आली, “गेलं!” मला खरं सांगायचं तर आनंदच झाला. निदान दुखणं खोटं नव्हतं.

स्कूटीवरून घरी आले. आमच्या घराच्या खालच्या खोलीत कंट्रोल रूम होती, तिथूनच सगळ्या गल्ल्यांच्या लाइनी निघायच्या. कुंभार गल्लीची वायर काढली आणि मशीनला लावली. हे मशीन वायरीत उजेडाचे ठोके मारतं, आणि आतून जो उजेड परत फिरतो त्यावरून पडद्यावर एक रेघ काढतं. सुरुवातीला उंच सुळका. मग हळूहळू उतरत जाणारी सरळ रेघ. मध्ये कुठं उजेड गळत असला तर पायरी, आणि तुटलं असेल तर सरळ कडा.

मामा माझ्या खांद्यावरून बघत होते. “कडा कुठाय?”

“नाही.”

“पायरी?”

“नाही. सुळका आणि सरळ रेघ.”

“म्हणजे मशीन म्हणतंय लाइन चांगली हाय.”

“हो.”

“आणि नेट बंद हाय.”

“हो.”

मामांनी मोठा सुस्कारा सोडला. तेवढ्यात आत्ती चहा घेऊन आल्या. हात पाण्यानं सुरकुतलेले, पदर कमरेला खोचलेला. आमची तोंडं त्यांनी बघितली. कप ठेवले आणि परत वर गेल्या.

मग आम्ही दोघं घरापासून कुंभार गल्लीपर्यंत सगळी लाइन पायी चाललो, माना वर करून. मामा प्रत्येक खांबापाशी थांबून एक एक कारण काढायचे. उन्हानं काच पातळ होत असेल. माकडं झोके घेत असतील. चिंचेच्या झाडावर मोहोळ बसलंय, त्याच्या गरमीनं असेल. मी प्रत्येकाला नाही म्हणत होते, आणि माझं स्वतःचं असं कारण मात्र एकही नव्हतं. परत येईपर्यंत नेट चालू झालेलं होतं.

संध्याकाळी मी अत्तार सरांना फोन लावला.

“सर, नेट बंद असताना मशीन म्हणतंय लाइन चांगली आहे.”

“मशीन असं म्हणत नाही, ताई. मशीन म्हणतंय, मला जेवढं दिसतंय तेवढं चांगलं आहे. तुम्ही मशीन लावताय कुठं?”

“घरी. कंट्रोल रूममध्ये.”

“दर वेळी तिथंच?”

“हो सर. सावली आहे, प्लग आहे. आत्ती चहा आणून देतात.”

सर मोठ्यानं हसले. “उद्या चहा सोडा आणि दुसऱ्या टोकाला जाऊन बसा. नाकासमोरचं मशीनला दिसत नाही. ठोका मारल्या मारल्या स्वतःच्याच उजेडानं ते दिपतं. तो सुरुवातीचा सुळका दिसतो ना, त्याच्या पोटात काय लपलंय ते कळत नाही. शिकवलंय मी हे.”

शिकवलं होतं. त्यासाठी मशीन आणि लाइनच्या मध्ये जादा वायरीचं एक वेटोळं लावायचं असतं, म्हणजे दिपायचं ते वेटोळ्यातच दिपतं आणि पुढची लाइन सगळी दिसते. आमच्या जुन्या मशीनसोबत वेटोळं आलंच नव्हतं, आणि मी ते विसरूनही गेले होते.

“आणि दोन्ही उजेडांनी बघा,” सर म्हणाले. “मशीनमध्ये दोन आहेत. कुठं वायर वाकली, दबली असेल तर एकाला पायरी लहान दिसेल आणि दुसऱ्याला मोठी. तसं दिसलं तर जोडकाम करायला जाऊ नका. कुठं दबलंय ते बघा.”

दुसऱ्या दिवशी मामांना मी कंट्रोल रूममध्ये बसवलं आणि मशीन घेऊन डाकव्यांच्या दुकानात गेले. फॉर्म भरायला आलेली पोरं-पोरी बाकावर दाटीवाटीनं बसली होती. डाकव्यांनी झेरॉक्सच्या मशीनशेजारी मला जागा करून दिली. मी कोपऱ्यावरच्या पेटीतून लांब वायर दुकानात आणून ठेवली आणि वाट बघत बसले.

बारा वाजले. सव्वाबारा झाले. मग बाकावरची एक मुलगी म्हणाली, “काका, चक्र फिरायला लागलं.”

मी मामांना फोन केला. “मामा, तिकडची वायर काढा. कुंभार गल्लीची, पिवळी.”

“काढली.”

इकडच्या टोकाला मशीन लावलं आणि बटण दाबलं. सगळी पोरं उठून काउंटरपाशी गोळा झाली.

“वायरीचा ईसीजी आहे का हा?” त्या मुलीनं विचारलं.

“तसंच काहीतरी.”

“वहिनी, पेशंट जगंल का?” डाकवे म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी ते हसताना दिसले.

पडद्यावर सुळका आला, मग सरळ रेघ. सरळ, सरळ, सगळं गाव ओलांडून अगदी शेवटपर्यंत सरळ. आणि शेवटाला, रेघ संपायच्या जरासं आधी, एक पायरी. मी दुसरा उजेड निवडला, परत बटण दाबलं. तीच जागा, पण आता पायरी नव्हती, चांगली घसरगुंडी होती.

वाकलंय. कुठंतरी वायर वाकलीय. मी अंतर वाचलं, मग परत वाचलं, आणि फोन उचलला.

“मामा, सापडलं. तुमच्याजवळच आहे.”

“माझ्याजवळ?” मामांचा आवाज चमकलेला. “इथं मी हाय आणि पंखा हाय.”

“पंचवीस-तीस मीटरच्या आत आहे. वायरीला धरून बघत जा, मी आलेच!”

घरी पोचले तर मामा अंगणात, डोळ्यांवर हात धरून दारातल्या खांबाकडं बघत होते. “खांबावर काय न्हाई,” ते म्हणाले. मी मनात वायरीच्या मागं मागं गेले. कंट्रोल रूममधून बाहेर, भिंतीवरनं वर, गच्चीवरनं पलीकडं, मग कठड्यावरनं खांबाला. गच्ची! रस्त्यावरून माना वर करून चालताना कठड्याच्या आतलं काय दिसणार? मी जिना दोन दोन पायऱ्यांनी चढले.

गच्चीवर दसरा वाळत होता. दोन्ही दोऱ्या चादरी आणि रजयांच्या खोळींनी गच्च भरलेल्या. आणि जिन्याच्या खोलीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत गेलेल्या काळ्या वायरीवर चार गोधड्या. जुन्या लुगड्यांच्या, मिस्टरांच्या शाळेतल्या सदऱ्यांच्या ठिगळांच्या, आत्तींनी हातानं शिवलेल्या जाडजूड गोधड्या. टपटप पाणी गळत होतं. ओझ्यानं वायर खाली आली होती आणि टाकीखालच्या लोखंडी अँगलच्या धारेवर कोपरासारखी मोडून बसली होती.

पाचवी गोधडी उचलायच्या खटपटीत असलेल्या आत्ती मला बघून थांबल्या.

“आलीस? सापडलं का गं?”

मी वायरीकडं बघत होते. त्यांनी माझ्या नजरेच्या रोखानं बघितलं. “काय झालं?”

“आत्ती, ही दोरी नाही.”

“म्हाईत हाय की. केबलची वायर हाय. इतकी वर्षं केबलच्या वायरीवरच वाळत घालतीया, टीव्ही कधी बंद पडला न्हाई.”

“ती तांब्याची होती. ही नवी आहे. हिच्या आत काच आहे. फार वाकली की आतला उजेड बाहेर सांडतो.”

आत्ती वायरीकडं बघत राहिल्या. मग अँगलकडं. मग खालच्या ओल्या फरशीकडं.

“कुंभार गल्ली?” त्यांनी हळूच विचारलं.

मी मान हलवली.

“बारा ते चार,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “ओल्या असत्यात तवर. वाळल्या की हलक्या होत्यात, वायर वर येती.” आणि मटकन टाकीच्या कट्ट्यावर बसल्या. “अगं, एकटीला गोधडी पिळवत न्हाई. त्याला दुसऱ्या टोकाला माणूस लागतं. म्हणून निथळत तशीच टाकत होते.”

दर वर्षी दुसऱ्या टोकाला मी असायचे. मला रिकामी ठेवायची म्हणून त्यांनी या वर्षी सगळा दसरा एकटीनं अंगावर घेतला होता.

“सारिका!” खालून मामांची हाक आली. “घावलं का काय?”

आत्तींनी माझ्याकडं बघितलं. आयुष्यात मी त्यांना घाबरलेलं पहिल्यांदाच बघत होते. मामा एकदा चेष्टा करायला लागले की पुढच्या दसऱ्यापर्यंत थांबणार नाहीत, हे दोघींनाही ठाऊक होतं.

मी कठड्यावरून वाकले. “घावलं मामा! टाकीच्या अँगलवर वायर दबलीय!”

“आयला! येऊ का वर?”

“नको, करते मी!”

मी वळले तर आत्ती तोंडावर पदर धरून बसलेल्या. रडतायत असं वाटलं. जवळ गेले तर हसत होत्या. मग मलाही आवरेना.

आम्ही चारी गोधड्या उतरवल्या. पहिलीची दोन टोकं दोघींनी धरली आणि पीळ द्यायला लागलो, त्या उजवीकडं, मी डावीकडं. गोधडीनं धो धो पाणी सोडलं. आत्तींचा हिसका असा की माझा पाय घसरला आणि मी ओल्या फरशीवर बसले. तरी टोक सोडलं नाही.

“धर नीट, सायन्सवाली!” आत्ती म्हणाल्या.

मग मी बागेच्या पाइपाचा तुकडा कापून वायरीवर चढवला, तिला अँगलपासून लांब, मोठा वळसा देऊन बांधली, आणि मामांना खालची पिवळी वायर परत लावायला सांगितली. थोड्या वेळानं फोन वाजला.

“आलं!” पलीकडून डाकवे ओरडत होते, आणि मागं पोरांचा गलका. “भर दुपारचं आलं, वहिनी!”

संध्याकाळी डाकवे गल्लीतल्या चारसहा जणांना घेऊन घरी आले. मामा अंगणात खुर्च्या टाकून बसले आणि सगळी हकिगत सांगायला लागले. सांगता सांगता त्यांनी लाइनच्या दुखण्याला एखाद्या पहिलवानाचं रूप दिलं. “इकडनं धरलं तर हुलकावणी द्यायचं,” ते म्हणाले. “मग पोरीनं पाठीमागनं कवळ घातली.”

“ते खरं,” गल्लीतला एक जण म्हणाला, “पण अँगलवरनं वायर टाकली कुणी? आधीच नीट बघायला नको?”

गेल्या महिन्यात गच्चीवरची ती वायर सैल झाली म्हणून मीच नव्यानं ताणून बांधली होती. हे मामांना माहीत होतं आणि डाकव्यांनाही. मला गच्चीवर काम करताना त्यांनी बघितलं होतं.

“गडबडीत झालं असंल,” डाकवे समजुतीच्या सुरात म्हणाले. “नवीन आहेत वहिनी. बाईमाणूस, घरचंही बघायचं असतंय.”

मी मान खाली घालून उभी होते.

“वायर चांगली बांधलेली होती.”

दारात आत्ती चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्या सरळ पुढं आल्या, ट्रे स्टुलावर ठेवला आणि पदर नीट केला.

“अँगलवर ती गोधड्यांनी आली. माझ्या. चार ओल्या गोधड्या रोज तिच्यावर वाळत घालत होते मी. तुमची गल्ली मी बंद पाडली, डाकवे. हिनं न्हाई.”

मामांनी आत्तींकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, वर गच्चीकडं बघितलं.

“म्हणजे,” ते सावकाश म्हणाले, “मी कालपासून खांबाखांबावर माकडं हुडकतोय...”

“हुडकताय खरं,” आत्ती म्हणाल्या.

आधी डाकव्यांना हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. मामा तर खुर्चीचा हात धरून हसत होते. आत्ती शांतपणे कपात चहा ओतत राहिल्या.

“हसा,” त्या म्हणाल्या. “पर एक सांगते. माझ्या गोधडीचं ओझं हिनं तिकडं कुंभार गल्लीत बसून ओळखलं. तुम्ही माझ्या पायाखालच्या खोलीत बसून होता, तुम्हाला कळलं न्हाई.”

मामांचं हसणं हळूहळू थांबलं. त्यांनी डोळे पुसले आणि चहाचा पहिला कप उचलून माझ्या हातात दिला. पाहुण्यांच्या आधी. कंपनीला किल्ली द्यायचं त्यांनी त्यानंतर कधी नाव काढलं नाही.

“पेन झकास लिहितंय, ते ठेवतो मी,” निघताना डाकवे म्हणाले. “लाइन तुमचीच राहू दे.”

घट बसल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी गावातल्या सगळ्या पेट्यांचे आकडे घ्यायला निघाले. चांगली असताना लाइन कशी असते हे ठाऊक असलं, तर बिघडल्यावर लवकर कळतं, असं सरांचं म्हणणं. त्यासाठी एकानं कंट्रोल रूममध्ये बसून एकेक लाइन चालू करायची आणि दुसऱ्यानं पेटीपाशी जाऊन आकडा वाचायचा. मामांना बारीक आकडे दिसत नव्हते. एकटीनं इकडून तिकडं चकरा मारायच्या, असं ठरवून मी मीटर पिशवीत टाकत होते.

“ते मला दे,” आत्ती म्हणाल्या. पायांत चपला, हातात मोबाइल.

“तुम्ही?”

“दुसऱ्या टोकाला कुणीतरी लागतं न्हवं? आकडे येत्यात मला. फोन कोण लावतं रोज?”

मी त्यांना दाखवलं. टोपण कसं काढायचं, टोक कसं पुसायचं, कुठं खुपसायचं. वायरीच्या तोंडाला डोळा लावायचा नाही, आत उजेड आहे पण दिसत नाही, आणि डोळा जातो. त्यांनी ते दोनदा म्हणून घेतलं. मग पडद्यावरच्या आडव्या रेघेवर बोट ठेवून विचारलं, “ही कशाला?”

“ते उणे. आमच्यात आकडे उण्यातच असतात. उणं जेवढं कमी तेवढं चांगलं.”

“म्हणजे माणसागत,” आत्ती म्हणाल्या. “उणं असायचंच. लई नसावं.”

आणि मीटर पदराखाली धरून त्या गेल्या. मी कंट्रोल रूममध्ये बसले. बराच वेळ गेला. मग फोन वाजला. त्या मारुतीच्या देवळामागच्या पेटीपाशी होत्या. ती भिंतीवर हाताला येईल एवढ्याच उंचीवर आहे.

“लाव,” त्या म्हणाल्या.

मी लाइन लावली. पलीकडं काही खडखड झालं, झाकण उघडल्यासारखं. कुणीतरी बाई विचारत होती, “काय करताय ओ शालनकाकी इथं?” आत्तींनी तिला नुसतं सांगितलं, “काम.” मग फोनमध्ये त्यांचा श्वास ऐकू आला. कपाळाला आठ्या घालून त्या आकडा वाचत असणार.

“उणे,” त्या म्हणाल्या. “एक. आणि नऊ.”

“उणे एकोणीस.”

“चांगलं का?”

“चांगलं आहे, आत्ती. एकदम चांगलं.”

“बरं,” त्या म्हणाल्या. झाकण बंद केल्याचा आवाज आला. “मग पुढची पेटी कुठं हाय, सांग.”